दांडी पुढे ढकलण्याचे शिक्षण

पंखांचा हवेशी होणारा कोन मर्यादेपलीकडे गेला की उचल हरपते. एक पंख आधी ढळला, तर विमान गिरक्या घेत कोसळते. अशा वेळी हात उपजतच दांडी मागे ओढतो, आणि घात होतो तो तिथेच. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये लार्कहिलजवळ विल्फ्रेड पार्कनेही आधी दांडीच ओढली; अखेर सुकाणू गिरकीच्या उलट दाबले, म्हणून तो वाचला. (त्याच डिसेंबरात दुसऱ्या अपघाताने त्याला गाठलेच.) १९१७मध्ये गॉस्पोर्टच्या शाळेत रॉबर्ट स्मिथ-बॅरीने मात्र विद्यार्थ्यांना या संकटापासून जपण्याऐवजी दुहेरी नियंत्रणाच्या विमानातून, शिक्षकासोबत, मुद्दाम त्यातच नेले. युद्धकथांना शत्रूची विमाने पाडणारे वीर आठवतात, हा मास्तर नाही. मला हे खटकते. आजचा विद्यार्थी प्रथम दांडी पुढे ढकलून पंखांचा कोन कमी करायला शिकतो. इंजिनाची शक्ती त्यानंतर.