मेणाचे चेहरे आणि रस्त्यावरची माणसे



लंडनमधील मादाम तुसाँच्या मेणपुतळ्यांच्या संग्रहालयात मी गेलो तो इतिहास शोधायला गेलो नव्हतो. २०१४ साली कामगार संघटनांच्या एका परिषदेनिमित्त आम्ही चौघे तिकडे गेलो होतो. शेवटच्या दिवशी सकाळ मोकळी मिळाली आणि बरोबरच्या तरुण मंडळींनी हट्ट धरला. तिकिटाचा आकडा रुपयांत मांडून पाहिला तेव्हा माझा जीव खालीवर झाला, हे येथे कबूल करतो.

आत गेल्यावर पाहतो तो जत्राच. राजे, राण्या, नटनट्या, खेळाडू सगळे एका छपराखाली, आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेणारी माणसे. आपल्या अमिताभ बच्चन यांचा पुतळा तेथे २००० सालापासून. त्याच्यापुढे तर मराठीसुद्धा कानावर आली. मी मात्र अडखळलो तो काळ्या पोशाखातील एका ठेंगण्या म्हातारीपुढे. ती स्वतः मादाम तुसाँ. ऐंशी वर्षांची झाल्यावर, १८४२ साली, तिने स्वतःचाच पुतळा घडवला होता. परत आल्यावर आमच्या वाचनालयात आणि इतरत्र मिळेल ते या बाईविषयी वाचत गेलो. त्यातले काही आज आपल्यापुढे ठेवतो.

तिचे माहेरचे नाव मारी ग्रोशोल्त्स. जन्म १७६१, स्ट्रासबुर्ग येथे. आई घरकाम सांभाळणारी बाई. ज्यांच्या घरी ती काम करी ते डॉक्टर कुर्तियस शरीरशास्त्रासाठी मेणाचे अवयव करीत. पुढे त्यांनी पॅरिसमध्ये नामवंतांचे मेणाचे मुखवटे मांडून प्रदर्शन थाटले आणि मोलकरणीच्या या मुलीला आपली विद्या दिली. वर्तमानपत्र वाचता न येणारा माणूस चार पैसे टाकून तेथे जाई आणि राजा कसा दिसतो, मंत्री कसा दिसतो, हे डोळ्यांनी पाहून येई.

आता १२ जुलै १७८९ चा रविवार. लोकांना आपला वाटणारा अर्थमंत्री नेकेर याला राजाने आदल्या दिवशी काढून टाकले होते. बातमी पसरताच लोक रस्त्यावर आले आणि जमाव थेट कुर्तियसच्या दारात गेला. त्यांनी काय मागितले? बंदुका नाहीत. नेकेरचा आणि ओर्लेआँच्या ड्यूकचा असे दोन मेणाचे अर्धपुतळे मागितले. त्यांवर काळे वस्त्र घालून हजारो माणसे ते मिरवीत निघाली. वाटेत राजाचे घोडदळ अंगावर आले आणि पुतळे वाहणारी माणसे जखमी झाली. बास्तीय पडण्यास अजून दोन दिवस होते. फ्रेंच राज्यक्रांतीतील पहिल्या रक्तपातात लोकांच्या हाती निशाण होते ते मेणाचे!

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात मी बारा वर्षांचा होतो. शाळा त्यानंतर फार काळ टिकली नाही, पण मोर्चे पुष्कळ पाहिले. पुढे स्वतः मोर्चे काढले आणि फोटोही मिरवले. ज्या पुढाऱ्याचा फोटो मी एकदा भर उन्हात चार मैल डोक्यावर धरला होता, त्याने त्याच आठवड्यात आम्हांला न विचारता मालकाच्या कागदावर सही केली. नाव घेत नाही. माणूस आता हयात नाही. तो फोटो मात्र पुष्कळ दिवस माझ्या माळ्यावर होता. फेकवेना आणि लाववेना.

पॅरिसच्या लोकांचे तरी काय झाले? ज्या ओर्लेआँच्या ड्यूकसाठी त्यांनी अंगावर वार घेतले, त्याचेच डोके चार वर्षांनी, नोव्हेंबर १७९३ मध्ये, गिलोटिनखाली गेले. त्या काळात कापलेल्या मस्तकांवरून आपणास साचे घ्यावे लागले, असे मारीने १८३८ च्या आपल्या आठवणींत सांगितले आहे. तिच्या सगळ्याच आठवणी इतिहासकार जशाच्या तशा मानीत नाहीत. धंदा करणारी बाई होती, थोडे तिखटमीठ लावले असेल. असो.

१७९४ साली कुर्तियस वारला आणि संग्रह तिच्याकडे आला. १८०२ साली चार वर्षांच्या थोरल्या मुलाला घेऊन ती इंग्लंडला गेली. धाकटा दोन वर्षांचा, तो मागे राहिला. इंग्रजी येत नव्हते. ज्याच्या भागीदारीत गेली त्याच्याशी करार असा की निम्मा नफा त्याचा! वाईट करारावर सही करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. ही बाई त्यातून सुटली आणि तीस वर्षांहून अधिक काळ गाड्यांवर पुतळे लादून गावोगाव हिंडली. १८३५ साली बेकर स्ट्रीटवर स्थिरावली आणि १८५० मध्ये वारली. नवरा तिला पुन्हा दिसला नाही.

या दौऱ्यांतली एक गोष्ट मला विशेष वाटते. कामकरी लोकांना पुरा दर परवडत नाही हे जाणून तिने त्यांच्यासाठी रात्री उशिराची अर्ध्या दराची वेळ ठेवली. यात दया किती आणि हिशेब किती, ते आपणच ठरवा. कारण जाहिरातीत हेही स्पष्ट केले होते की या व्यवस्थेमुळे दोन्ही वर्गांना एकमेकांचा अडथळा न होता प्रदर्शन पाहता येईल. क्रांतीच्या शहरातून आलेली मोलकरणीची मुलगी ही! ज्यांनी रस्त्यावर पुतळे मिरवले, त्यांच्याच जातीची माणसे आता साहेब लोक घरी गेल्यावर आत येणार.

मेण टिकत नाही म्हणतात. १९२५ साली तेथे आग लागली, १९४० साली बॉम्ब पडून ३५२ मस्तकांचे साचे गेले. कारागिरांनी पुन्हा उभे केले. आधी मातीत घडवायचे, त्यावरून साचा, साच्यात मेण, मग एकेक केस सुईने रोवायचा. नुसत्या केसांना कित्येक आठवडे लागतात. आणि लोकांचे म्हणाल तर त्यांनी या चेहऱ्यांशी भांडणे सोडलेले नाही. १९३३ साली तेथील हिटलरच्या पुतळ्यावर लाल रंग ओतला गेला. २००८ साली बर्लिनच्या शाखेत उद्‌घाटनाच्याच दिवशी एका माणसाने त्याचे मुंडके उपटले.

निघताना दाराशी एक कर्मचारी बाई होत्या. मोडक्या इंग्रजीत मी विचारले, या सगळ्यांचे केस रोज कोण विंचरते? त्या म्हणाल्या, सकाळी दारे उघडण्याच्या आत ते काम उरकलेले असते. तुमची युनियन आहे का, असे विचारायचे अगदी ओठांवर आले होते. पण मागे रांग खोळंबली होती, आणि आमच्यातला एक जण बच्चनसाहेबांबरोबर फोटो राहिला म्हणून पुन्हा आत पळाला होता.