एक जाहीरनामा, दोन करार

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात भाषणस्वातंत्र्य आणि अन्न-वस्त्र-निवारा एकाच पंगतीला बसले होते. ही पंगत लवकरच मोडली. १९५२ मध्ये आमसभेने एकाऐवजी दोन करार करण्याचे ठरवले. १९६६ मध्ये ते संमत झाले. नागरी व राजकीय हक्क तात्काळ पाळायचे. आर्थिक व सामाजिक हक्क मात्र उपलब्ध साधनांनुसार, क्रमाक्रमाने. हे 'क्रमाक्रमाने' आम्हांस साऱ्या मसुद्यातील सर्वांत महागडे क्रियाविशेषण वाटते. छळ झालेल्या व्यक्तीस आंतरराष्ट्रीय समितीपुढे तक्रार नेण्याची वाट १९६६ च्याच एका पूरक कराराने आखून दिली. भुकेल्यासाठी तशी वाट २००८ मध्ये आखली गेली आणि २०१३ मध्ये खुली झाली. भारताने या दोन्ही वाटा अद्याप स्वीकारलेल्या नाहीत.

अर्थात, ही वाटणी आपल्याला परकी नव्हती. मूलभूत हक्क न्यायालयात मागता येतात, मार्गदर्शक तत्त्वे मागता येत नाहीत, असे आपली राज्यघटनाही सांगते. ती भिंत ओलांडण्याचा एक मोठा प्रयत्न मुंबईच्या पदपथवासीयांच्या, म्हणजेच ओल्गा टेलिस खटल्यात झाला. उपजीविकेवाचून जगणे कसले, असा विचार करून सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १९८५ मध्ये उपजीविकेला जीविताच्या हक्कात सामावून घेतले. साहित्याच्या अभ्यासकांनीही हे निकालपत्र वाचावे. पदपथावरचे जिणे त्यात विलक्षण सहानुभूतीने उतरले आहे. मात्र ते शेवटच्या आदेशापर्यंत वाचावे. झोपड्या हटवण्यास न्यायालयाने महापालिकेला मनाई केली नाही. फक्त पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबण्यास सांगितले.