धर्मादा : वऱ्हाडच्या बाजारपेठेतील एका विस्मृत खात्याचा इतिहास

आपल्या ट्रस्टचा सुवर्णमहोत्सव साजरा होत असताना मागे वळून पाहणे स्वाभाविक आहे. धर्मशाळेच्या भिंतीवरील संगमरवरी शिलालेखांत दानशूरांची नावे कोरलेली आहेत आणि ती आदरणीयच आहेत. परंतु गावोगावच्या अशा वास्तूंमागे आणखी एक दाता उभा असतो, ज्याचे नाव कोणत्याही शिलेवर सापडत नाही. त्याचा शोध जुन्या खातेवह्यांतील ‘धर्मादा’ या खात्यात घ्यावा लागतो. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. कापडाचा व्यापारी व वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तरीही हिशेबाच्या अंगाने हा विषय समाजबांधवांसमोर मांडण्याचे धाडस करीत आहे.

धर्मादा म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक सौद्याच्या वेळी मालाच्या किमतीव्यतिरिक्त, वजनामागे अथवा रुपयामागे, अल्पशी रक्कम धर्मकार्यासाठी वेगळी काढण्याची ही प्रथा. कापसाच्या बाजारात ती विक्रेत्याच्या पट्टीतून कापली जाई, तर कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या बिलात जोडली जाई. या पैशातून पाणपोया, धर्मशाळा, गोरक्षण, पाठशाळा आणि दुष्काळातील अन्नछत्रे चालत.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही व्यवस्था विलक्षण आहे. रस्त्यावरच्या पाणपोईचे पाणी वर्गणी न देणाराही पितो. त्याला अडवता येत नाही व अडवणे शोभतही नाही. मग प्रत्येकाला वाटते, ‘दुसरा देईल, मी कशाला?’ आणि सर्वांनीच असा विचार केला तर पाणपोईच उभी राहत नाही. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ साली सार्वजनिक वस्तूंची ही अडचण गणिती पद्धतीने मांडली. अशा वस्तूंचे उदाहरण म्हणून अर्थशास्त्रज्ञ बहुधा समुद्रावरील दीपगृह देत असत. दिवा सर्वच जहाजांना दिसतो, पैसे कोणाकडून घ्यावेत? १९७४ साली रोनाल्ड कोज यांनी दाखवून दिले की इंग्लंडमध्ये दीपगृहांचा खर्च जहाजांकडूनच वसूल होत असे. समुद्रात नव्हे, तर जहाज बंदराला लागल्यावर. आणि त्या वसुलीचा हक्क राजसत्तेकडून मिळालेला असे.

आमच्या पूर्वजांनी हे पुस्तक वाचले नव्हते, पण युक्ती तीच होती. वर्गणी मागायला दारोदार जायचे नाही. बाजाराच्या काट्यावरच ती घ्यायची. माल तोलल्याशिवाय विकला जात नाही, म्हणून धर्मादा चुकवता येत नाही. रक्कम इतकी लहान की कोणाला जड जात नाही, आणि सौदे इतके असंख्य की थेंबाथेंबाने तळे साचते.

या प्रथेला वऱ्हाडात बहर आला तो कापसामुळे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ पर्यंत मुंबईहून नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली. जिनिंगचे कारखाने, अडत्ये, दलाल व मापारी यांनी पेठा गजबजल्या. आपला जिल्हा, जो त्या काळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई व १९०५ पासून यवतमाळ झाला, याच कापसावर वाढला.

परंतु याच काट्यावर दुसरेही काही घडत होते. धर्मादाच्या जोडीने कडता, हमाली, मापाई, नमुन्याचा कापूस अशा अनेक वळत्या शेतकऱ्याच्या पट्टीत शिरल्या. बंडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ‘देता का?’ असे कोणी विचारले नाही. खोटे माप आणि मनमानी कपात यांनी बाजारावरचा विश्वासच धोक्यात आला. खरे तर प्रामाणिक काटा हीसुद्धा एक सार्वजनिक वस्तूच आहे. एकाने बिघडवला की सर्वांचा तोटा होतो, आणि एकट्याने सुधारायचा म्हटले तर खर्च त्याचा व लाभ मात्र सर्वांचा.

म्हणूनच देशातील पहिला नियंत्रित बाजार आपल्या शेजारच्या कारंजा येथे १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने सुरू झाला. तीन भट्टारक पीठांमुळे जैन समाजाला वंदनीय असलेले हेच ते कारंजा. पुढे १८९७ चा वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा आला. इंग्रजांचा हेतू निव्वळ शेतकरीहिताचा नव्हता. त्यांच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस रास्त भावात हवा होता. शिवाय समित्यांवर व्यापाऱ्यांचेच प्राबल्य राहिले. तरीही बाजाराची शिस्त ही सर्वांची समाईक मालमत्ता आहे, हे तत्त्व येथे प्रथम मान्य झाले. १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायद्याने अनधिकृत वळत्यांना मनाई झाली, आणि १९७२ पासून राज्याच्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेमुळे खाजगी कापूसपेठ बराच काळ थंडावली.

धर्मादाच्या पैशाचा मालक कोण, हा प्रश्न कायद्याने स्वतंत्रपणे सोडवला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (पूर्वीचे नाव मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम) च्या कलम ५४ नुसार, रिवाजाने धर्मादा गोळा करणारा व्यापारी त्या रकमेचा विश्वस्त ठरतो. त्याने दरवर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला हिशेब द्यावयाचा असतो. बिजली कॉटन मिल्स (हाथरस) यांच्या आयकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मादा हे व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, असाच निर्णय दिला. व्यापाऱ्याला हा निर्णय सोयीचा वाटला, परंतु त्याची दुसरी बाजू आपण क्वचितच बोलून दाखवतो. जे उत्पन्न आपले नाही, ते दानही आपले नाही.

येथे एक घरची गोष्ट सांगतो. वडिलांच्या पश्चात जुन्या वह्या चाळताना मला एक खाते आढळले. लागोपाठ तीन वर्षे धर्मादा खात्यात जमा होती, पण नावे काहीच नव्हते. ती नापिकीची वर्षे होती. रक्कम धंद्याच्या भांडवलात फिरत राहिली होती. चौथ्या वर्षी वडिलांनी ती व्याजासह गोरक्षणाला दिल्याची नोंद आहे, आणि पावती आमच्या पेढीच्या नावाने आहे. लहानपणी ती पावती पाहून मला अभिमान वाटला होता. आज वाटते, तिच्यावर खेड्यातून लुगडी-धोतरे घ्यायला येणाऱ्या शेकडो गिऱ्हाइकांचे नाव हवे होते. अचौर्य व्रताचा अर्थ मला प्रवचनातून जितका समजला, त्याहून अधिक त्या वहीच्या पानाने समजावला.

आज बिलात धर्मादाचा रकाना उरलेला नाही, पण समाईक गरजा संपलेल्या नाहीत. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी देणारे निळोणा व चापडोह जलाशय तळाला गेले, तेव्हा ज्याला परवडले त्याने आपल्यापुरती कूपनलिका खोदली. जमिनीखालचे पाणी मात्र एकच होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते अशाच प्रश्नावर. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, एकमेकांवर लक्ष ठेवले आणि नियम मोडणाऱ्याला वेळीच टोकले, तर समाईक संपत्ती टिकते, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांतून दाखवले.

आपल्या संस्थांतही हाच धडा लागू पडतो. खोलीला, कमानीला, पंख्याला दाते मिळतात, कारण तेथे नाव लागते. साधारण खाते, ज्यातून झाडू, वीज, पाणी व सेवकांचे पगार निघतात, ते मात्र अनेक ठिकाणी तुटीत असते. तेथे नाव लागत नाही, आणि प्रत्येकाला वाटते की दुसरा देईल.

सुवर्णमहोत्सवानिमित्त माझी दोन नम्र सूचना आहेत. प्रत्येक कुटुंबाने, कितीही अल्प असो, साधारण खात्यात वार्षिक नियमित रक्कम द्यावी आणि त्या खात्याचा जमाखर्च दरवर्षी धर्मशाळेच्या फलकावर लावला जावा. दुसरी अशी की, पाणपोई व धर्मशाळेचे दार जातपात न विचारता सर्वांना खुले राहावे. ज्यांच्या पैशातून अशा वास्तू उभ्या राहिल्या, त्यांत परगावचे व परसमाजाचे गिऱ्हाईकही होते. ते देणे अजून आपल्या नावे आहे.

चूकभूल द्यावी घ्यावी. जय जिनेन्द्र.