किलोभर लोखंडाचा हिशेब

आमच्या घराण्यात आजवर कुणी ससासुद्धा मारलेला नाही. मी स्वतः दारूगोळ्याच्या एका सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षं काढली. लाखो काडतुसं हातांखालून गेली, पण शिकारीच्या बाबतीत आमची मजल घरातल्या उंदराच्या पिंजऱ्यापर्यंतच. त्यामुळे २०१९ मध्ये अमेरिकेतून भाच्याचा फोन आला आणि त्यानं विचारलं, ‘‘मामा, मोठ्या कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय, कुठलं घेऊ?’’ तेव्हा मी आधी खुर्चीत नीट बसून घेतलं.

हा भाचा आयडाहो राज्यात, बॉईसी शहरात राहतो. इंजिनीअर आहे, आता तिथला नागरिक आहे. ऑफिसातल्या मित्रांबरोबर तो शरद ऋतूत एल्कच्या शिकारीला जाऊ लागला होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा. शिकार करायची ती रायफलनंच. पण जनावर पडल्यावर ते जागेवरच सोलायचं, मांसाचे तुकडे करून पाठीवर वाहून आणायचं, यात काही तास जातात. दोन्ही हात रक्तात, रायफल झाडाला टेकलेली, आणि वासानं अस्वल आलं तर? म्हणून कमरेला एक रिव्हॉल्व्हर हवं. शिवाय दर शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन हात साफ करायला तेच चालायला हवं. भाचेसून मागून ओरडली, ‘‘मामा, याला अस्वलाची भीती वाटते की अस्वलाच्या निमित्तानं खेळणं घ्यायचंय, तेवढं विचारा!’’

मला उत्तर देता येईना. मग निवृत्त माणूस करतो तेच केलं. वाचत बसलो.

शिकाऱ्यानं रायफलीखेरीज एक जाड गोळीचं आखूड हत्यार जवळ बाळगायचं, या पद्धतीचं एक मूळ आपल्याच देशात आहे. एकोणिसाव्या शतकात साहेब लोक हत्तीवर बसून वाघाच्या शिकारीला जात. जखमी वाघ कधी कधी थेट हत्तीवर झेप घेई. अशा वेळी हौद्यातल्या हौद्यात लांब बंदूक वळवता येत नसे. म्हणून दोन नळ्यांची, कधी चार नळ्यांची, अर्धा इंच किंवा त्याहूनही जाड गोळी सोडणारी पिस्तुलं निघाली. इंग्रजीत त्यांचं नावच हौदा पिस्तूल पडलं. ते वजनदार असे, पण हरकत नव्हती. वजन वाहायला हत्ती होता!

हे वाक्य मी गमतीनं वहीत लिहिलं होतं. पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं, की मोठ्या रिव्हॉल्व्हरचा सगळा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो : वजन कोण वाहणार?

अमेरिकेत ते घोड्यानं वाहिलं. सॅम्युएल कोल्टनं १८३६ मध्ये फिरत्या सिलिंडरच्या रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं, पण त्याचा पहिला कारखाना बुडाला. त्याला पुन्हा उभं केलं ते टेक्सास रेंजर्समधल्या कॅप्टन सॅम्युएल वॉकरनं. मेक्सिकोशी युद्ध सुरू होतं. वॉकरला घोडेस्वारासाठी सहा बार काढणारं दणकट हत्यार हवं होतं. दोघांच्या विचारानं १८४७ मध्ये .४४ मापाचं जे रिव्हॉल्व्हर तयार झालं, त्याचं वजन होतं दोन किलोंहून थोडं जास्त. ते कमरेला लावायचं नव्हतंच. जिनाच्या पुढच्या बाजूला चामड्याच्या म्यानात ते लटकत असे. सगळी मिळून अकराशे नग झाली. त्यातली काही दारूच्या दाबानं फुटली, कारण एकेका घरात साठ ग्रेनपर्यंत काळी दारू मावत होती आणि तेव्हाचं लोखंड तितकं पक्कं नव्हतं. ग्रेन म्हणजे आपल्या सोनाराची साधारण अर्धी गुंज. वॉकर त्याच वर्षी ऑक्टोबरात लढाईत मारला गेला. त्याच्या नावाचं रिव्हॉल्व्हर मात्र पुढे कितीतरी दशकं ताकदीत कुणाला हार गेलं नाही.

१८७३ मध्ये कोल्टचंच .४५ आलं. आता पितळी काडतूस आलं होतं आणि वजन किलोभरावर उतरलं होतं. काऊबॉयच्या सिनेमात कमरेला दिसतं ते हेच. यात एक खोड होती. घोडा खाली असताना त्याचं टोक थेट काडतुसाच्या टोपीवर टेकायचं. रिव्हॉल्व्हर दगडावर पडलं किंवा घोड्यावर मार बसला तर बार उडून स्वतःचाच पाय जायचा. म्हणून जाणती माणसं सहा घरांत पाचच काडतुसं भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत. ही सवय पुढे शंभर वर्षं टिकली. १९७३ मध्ये रुगर कंपनीनं चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा मार टोपीपर्यंत पोहोचूच नये, अशी पट्टी आत बसवली, तेव्हा कुठे तिच्या रिव्हॉल्व्हरांत सहावं काडतूस निर्धास्तपणे भरता येऊ लागलं. जुनं हत्यार हाती आलं तर पाचाचा नियम आजही पाळायचा, हे मी भाच्याला पहिल्याच फोनवर बजावलं. कारखान्यातला माणूस आधी हेच बघतो.

आता या गोष्टीतला मुख्य माणूस. एल्मर कीथ. जन्म १८९९, मिसुरीतला. वाढला माँटानात. लहानपणी आगीत सापडला, डावा हात भाजून वाकडा झाला. पुढे आयडाहोत सॅमन नदीच्या खोऱ्यात पशुपालन, शिकाऱ्यांना वाट दाखवणं, असले उद्योग करत राहिला. डोक्यावर भली मोठी हॅट, तोंडात चिरूट, आणि बोलणं असं ठाम की वाद घालणारे दमून जात. पण हा माणूस हातानं काडतुसं भरायचा. माझ्या दृष्टीनं तो आमच्याच बिरादरीतला.

४ जुलै १९२५ रोजी, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, बार उडवताना त्याचं .४५ कोल्ट फुटलं. काडतूस जरा जास्तच तगडं भरलं होतं. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. दुसरा कुणी असता तर नाद सोडता. कीथनं सिलिंडरचा अभ्यास केला. बाहेरून सिलिंडर तेवढाच, पण आतलं भोक .४५ ऐवजी .४४ केलं तर प्रत्येक घराभोवतीची भिंत थोडी जाड राहते. ती थोडीशी जाडीच दाब सोसते. म्हणून त्यानं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघालेलं .४४ स्पेशल हे काडतूस धरलं आणि तीस वर्षं सोडलं नाही. गोळीही स्वतःची आखली. अडीचशे ग्रेनची, चपट्या नाकाची, कडेला धारदार खांदा असलेली. टोकदार गोळी कागद फाडत जाते. ही गोळी कागदाला पंच मारल्यासारखं गोल भोक पाडते, त्यामुळे रेंजवर गुण मोजायला सोपं. आणि जनावराच्या अंगातही ती असंच रुंद भोक पाडते. रेंज आणि रान, दोन्हीकडची गरज एकाच गोळीनं भागवली.

कंपन्यांनी असं तगडं काडतूस बाजारात आणावं, म्हणून कीथ वर्षानुवर्षं मासिकांतून भांडत होता. कंपन्यांची अडचण खरी होती. कुणीतरी ते आजोबांच्या जुन्या .४४ मध्ये घातलं आणि ते फुटलं तर? १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसननं .३५७ मॅग्नम काढलं, तेही चांगलं होतं, पण कीथचं समाधान होईना. शेवटी रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसन यांनी मिळून तोडगा काढला. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच. पितळी पुंगळीची लांबी त्यांनी एक अष्टमांश इंचानं, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आसपास, वाढवली. आता नवं काडतूस जुन्या रिव्हॉल्व्हरात पूर्ण शिरतच नाही. सिलिंडर बंदच होत नाही. पाटी नको, सूचना नको. उलट जुनं, सौम्य काडतूस मात्र नव्या रिव्हॉल्व्हरात बिनतक्रार बसतं. १९५५ च्या अखेरीस पहिलं रिव्हॉल्व्हर तयार झालं आणि १९५६ च्या जानेवारीत .४४ मॅग्नम जाहीर झालं. सव्वा तोळ्याहून थोडी जड गोळी, सेकंदाला चारशे मीटरहून अधिक वेग. रिव्हॉल्व्हरचं वजन सुमारे एक किलो तीनशे ग्रॅम.

पंधरा वर्षं ते ठरावीक शौकिनांपुरतं राहिलं. १९७१ मध्ये ‘डर्टी हॅरी’ हा सिनेमा आला, क्लिंट ईस्टवुडच्या हातात ते दिसलं आणि दुकानांतून गायब झालं. ज्यांनी उंदीरही पाहिला नव्हता त्यांनाही ते हवंसं झालं. गंमत पुढे आहे. १९७३ च्या दुसऱ्या भागात हाच हॅरी रेंजवर सांगतो, की आपण यात हलकी स्पेशल काडतुसं वापरतो, कारण हात ताब्यात राहतो. हा संवाद मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही.

२०१९ च्या सप्टेंबरात मी बॉईसीला गेलो. भाच्यानं रेंजवर नेलं. तिथं तीन रिव्हॉल्व्हरं भाड्यानं मिळत होती, तीच आलटून पालटून बघायची होती. मी व्हिजिटर व्हिसावर, शिकारीचा परवाना नाही. अशा पाहुण्याला तिथल्या कायद्यानं बंदूक हाती धरता येत नाही. मी काचेमागे उभा राहिलो, कानांवर मोठी झाकणं चढवून. आमच्या काळी चाचणीच्या वेळी कानात कापूस घालायचो. उजव्या कानात आजही रातकिडा आहे. भाच्याला मी आत बोळे आणि वर झाकणं, असं दोन्ही घालायला लावलं.

पहिलं होतं .५०० मापाचं, २००३ मध्ये आलेलं. .४४ मॅग्नमच्या जवळजवळ अडीचपट जोर, सिलिंडरमध्ये पाचच घरं, आणि लांब नळीसकट वजन पुन्हा दोन किलो. म्हणजे दीडशे वर्षं चालून आपण वॉकरच्या घोड्यापाशीच परत आलो, फक्त आता घोडा नव्हता. भाच्यानं दोन बार काढले आणि हात झटकत ते खाली ठेवलं. दुसरं होतं नेमकं उलट. तेही २००३ चंच. स्कँडियम मिसळलेलं ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम वापरून बनवलेलं .४४ मॅग्नम, वजन पाऊण किलोच्या आत. कमरेला आहे हे कळतही नाही. पण गोळी जितक्या जोरानं पुढे जाते तितकाच रेटा मागे येतो. रायफलचा धक्का खांदा घेतो, इथं सगळा मनगटावर. आणि हत्यार जितकं हलकं, तितकं ते हातात जोरानं उसळतं. तिसऱ्या बाराला भाच्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात कातडं सोललं.

मला काचेतून दुसरीच काळजी वाटत होती. त्याला थांबवून मी उरलेली काडतुसं बाहेर काढायला सांगितली. एका काडतुसातली गोळी किंचित पुढे सरकलेली होती. हे हलक्या रिव्हॉल्व्हरचं जुनं दुखणं. धक्क्यानं हत्यार झटकन मागे येतं, सिलिंडरमधली पितळी पुंगळी त्याच्याबरोबर येते, पण आतली जड गोळी जागेवरच राहू पाहते. पुंगळीची किनार तिच्यावर घट्ट दाबलेली नसेल तर ती केसाकेसानं बाहेर येते आणि सिलिंडरच्या पुढे डोकावली की सिलिंडर फिरेनासा होतो. अस्वलापुढे चौथ्या बाराला चाप अडकला तर काय, हे सांगायला नको.

तिसरं साधं होतं. स्टेनलेस स्टीलचं, चार इंची नळीचं .४४ मॅग्नम, एक किलो आणि वर दोनशे ग्रॅमच्या आसपास. त्यात भाच्यानं पन्नास स्पेशल काडतुसं सावकाश उडवली. सगळे बार ताटलीएवढ्या जागेत. मग मॅग्नम भरली. सहाव्या बारानंतर तोच म्हणाला, ‘‘मामा, पुरे.’’

घरी आल्यावर भाचेसुनेनं टेबलावर एक कागद ठेवला. अलास्कातल्या घटनांचा २००८ चा अभ्यास होता. मिरचीच्या अर्काचा फवारा वापरला तिथं दहापैकी नऊ वेळा अस्वल मागे हटलं होतं. २०१२ मध्ये त्याच मंडळींनी बंदुकांचा अभ्यास केला, तेव्हा बंदूक वापरल्यानं माणसाच्या दुखापतीत फारसा फरक पडलेला दिसला नाही. धावून येणाऱ्या अस्वलावर नेम धरणं ही रेंजवरच्या कागदासारखी गोष्ट नाही. भाचा गप्प बसला. मीही. पस्तीस वर्षं काडतुसं केलेल्या माणसाला हे वाचणं जरा जडच गेलं.

शेवटी त्यानं चार इंची रिव्हॉल्व्हर घेतलं आणि फवाऱ्याचे दोन डबेही घेतले. भाचेसुनेची अट होती, फवारा छातीवर, चटकन हाताला येईल असा. रिव्हॉल्व्हर खाली पट्ट्याला. ऑक्टोबरात तो चार दिवस रानात जाऊन आला. अस्वल दिसलं, पण पाठमोरं, दरीपलीकडे. कंबर मात्र दोन दिवस शेकावी लागली.

रेंजवरच्या दोन रिकाम्या पुंगळ्या मला आठवण म्हणून हव्या होत्या. पण विमानतळावर बॅगेत काडतुसाची पुंगळी सापडली तर केवढा व्याप होतो, हे मला पुरतं ठाऊक. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी त्या धुतल्या, पुसल्या आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत शेजारी शेजारी उभ्या केल्या. एक स्पेशलची, एक मॅग्नमची. तीन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो.