अंगावरून गेलेलं वारं

पार्ल्याच्या जुन्या घरांतून बातमी अजूनही अशीच येते: "आजोबांच्या अंगावरून वारं गेलं." अर्धांगवायू हा त्याच समजुतीचा संस्कृत शब्द, आयुर्वेदात हा विकार वातव्याधींत मोडतो. लकवा अरबीतून आला. तिकडे त्याचा अर्थ तोंड वाकडं होण्यापुरता होता, आपल्याकडे तो हातापायांवरही पसरला. या शब्दांत मेंदूचा पत्ताच नाही. काय लुळं पडलं ते कळतं, बिघाड कुठे झाला ते कळत नाही. पक्षाघातात निदान आघात तरी आहे. पक्ष म्हणजे शरीराची बाजू, आणि इंग्रजी स्ट्रोकचा अर्थही तडाखाच.

वारा रक्तवाहिन्यांतही शिरला होता. धमनीचं मूळ 'ध्मा', म्हणजे फुंकणे; चरकसंहिताही हीच व्युत्पत्ती देते. ग्रीकांचा आर्टेरिया हा शब्द तर श्वासनलिकेलाही चालायचा. प्रेतातल्या धमन्या रिकाम्या दिसतात, म्हणून त्यांत वायू असतो असं इरॅसिस्ट्रॅटसने मानलं. त्यांत रक्त असतं हे गेलनने दुसऱ्या शतकात जिवंत प्राण्यांवर दाखवून दिलं. मला आपल्या शाळेतल्या रोहिणी आणि नीला जास्त आवडतात. एक तांबडी, एक निळी. वाऱ्याचा संबंध नाही.

पण सगळ्यांत नेमका शब्द गुठळी. पिठल्यात होते तीच, आणि डॉक्टर नातेवाइकांना समजावताना तीच म्हणतात. पार्ले पश्चिमेला नानावटी आणि कूपर ही मोठी रुग्णालयं असल्यामुळे हा शब्द इथल्या घरांना परका नाही. गुठळीने मेंदूची मोठी रोहिणी बंद केली, तर जांघेतून कॅथेटर घालून तो मानेवाटे मेंदूपर्यंत नेतात. जाळीदार स्टेंट गुठळीत उघडतात, काही मिनिटं थांबतात आणि गुठळीसकट बाहेर ओढतात. 2015 च्या सुमारास मोठ्या चाचण्यांनी हा उपचार पक्का केला. स्टेंट हे मुळात आडनाव: एकोणिसाव्या शतकात लंडनचे दंतवैद्य चार्ल्स स्टेंट यांनी दातांचे ठसे घ्यायचं मिश्रण सुधारलं, त्याचं नाव फिरत फिरत इथवर आलं.

दुसरा आजार अॅन्युरिझम, ग्रीकमध्ये रुंदावणे. मराठीत सरळ फुगा. वॉल्टर डँडी यांनी 1937 मध्ये कवटी उघडून त्याच्या मानेला क्लिप लावली. गुग्लिएल्मी यांच्या प्लॅटिनमच्या कॉइलमुळे 1990 नंतर तो आतून भरता येऊ लागला.

गुठळी अडकली काय आणि फुगा फुटला काय, घरात दोन्हीला वारंच म्हणतात. उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं, पण रक्तस्रावात तेच घातक. म्हणून आधी सीटी स्कॅन. आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?" रात्री नीट झोपले आणि सकाळी उठले ते असे, असं उत्तर आलं, तर घड्याळ झोपल्या वेळेपासून धरतात.