कोणाची पोर, कोणाची सून?

आज आम्ही बोलणार आहोत कुस्तीवर. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांना कुस्तीचं काय? पण शेवटपर्यंत ऐका. हा विषय आमच्या गटातच निघाला, तोही भांडणातून.

आपल्याकडे गावोगावच्या यात्रेत दंगल भरते. हलगी वाजते, गडी लंगोट लावून उतरतात, इनामाला भांडी असतात, पैसे असतात. एखादा पोरगा आखाड्यात आला की पुकारणारा त्याच्या नावाआधी बापाचं नाव घेतो. "अमक्या पैलवानाचा पोरगा आलाय हो!" लोक टाळ्या वाजवतात. पण जोड लागली, अंगाला माती लागली, की बापाच्या नावाचा उपयोग संपतो. पाठ टेकली तर पोराचीच टेकते.

आता थोडा इतिहास सांगतो. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला मोठा आश्रय दिला. पैलवानांच्या खुराकाची सोय केली, तालमी उभ्या केल्या. १९१२ साली तिथलं खासबाग मैदान तयार झालं. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं आणि राजाश्रय संपला. पुढे गावच्या जत्रा, साखर कारखाने आणि हौशी लोक यांच्या आधारावर कुस्ती टिकली. १९६१ पासून राज्यात महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा सुरू झाली. तिच्यात माती आणि गादी असे दोन विभाग असतात. दोन्हींतले विजेते शेवटी किताबासाठी लढतात. जिंकणाऱ्याला गदा मिळते. आपल्या खानदेशालाही हा मान मिळालाय. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले.

राधानगरी तालुक्यात अर्जुनवाडा नावाचं गाव आहे. तिथले दादू चौगुले कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत घडले. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर हे त्यांचे वस्ताद. दादू चौगुले १९७० आणि १९७१ असे लागोपाठ दोन वर्षं महाराष्ट्र केसरी झाले. रुस्तुम-ए-हिंद आणि महान भारत केसरी हे किताबही त्यांनी मिळवले. १९७४ मध्ये न्यूझीलंडला राष्ट्रकुल स्पर्धा झाली, तिथून ते रौप्यपदक घेऊन आले. पुढे मोतीबागेत त्यांनी पोरं घडवली. २०१८ मध्ये सरकारने त्यांना ध्यानचंद पुरस्कार दिला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले.

अशा माणसाच्या घरात जन्मलेल्या पोराने कुस्तीच धरली तर काय होत असेल? जिंकला तर लोक म्हणणार, "त्यात काय, दादूंचंच रक्त आहे." हरला तर म्हणणार, "बापाचं नाव घालवलं." म्हणजे जिंकल्याचं श्रेय बापाला आणि हरल्याचा डाग पोराला. त्यांचे चिरंजीव विनोद चौगुले यांनी हे ओझं घेऊनच कुस्ती केली. २००० साली ते स्वतः महाराष्ट्र केसरी झाले. वडिलांच्या दुसऱ्या किताबाला तेव्हा २९ वर्षं झाली होती. मधल्या काळात कुस्ती मातीवरून गादीवर सरकली होती. मातीत पकड वेगळी, गादीवर वेग वेगळा. समोरचे गडीही वडिलांच्या वेळचे नव्हते. विनोद यांची कुस्ती त्यांना स्वतःलाच मारावी लागली. बापाने तालमीचं दार दाखवलं असेल, डाव शिकवले असतील, पण १९७१ ची गदा २००० साली कामाला येत नाही.

ही झाली बाप आणि मुलाची गोष्ट. लेकींची गोष्ट याहून अवघड आहे. पैलवानाच्या मुलाला निदान तालमीत पाय ठेवता येत होता. मुलीला दारातच अडवत.

हमीदा बानू हे नाव तुमच्यापैकी थोड्याच जणींनी ऐकलं असेल. उत्तरेतल्या पैलवानांच्या घरात ती जन्मली. पन्नासच्या दशकात ती पुरुष पैलवानांशी कुस्त्या करायची. "मला जो हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन," असं तिने जाहीर केलं होतं. १९५४ मध्ये बडोद्याला तिने बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत पाडलं. पण आपल्या महाराष्ट्रात तिचं स्वागत झालं नाही. कोल्हापूरला तिने एका पुरुष पैलवानाला हरवलं तेव्हा लोकांनी हुर्यो केली, दगड मारले. पुण्यात तिची ठरलेली कुस्ती कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. तिने मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. शेवटची वर्षं तिने आपल्या कल्याणला काढली, दूध विकून पोट भरलं. घराणं पैलवानांचं होतं, ताकद होती, नाव होतं. तरी बाईला आखाडा मोकळा नव्हता.

दुसरी गोष्ट हरियाणाची. मास्टर चंदगी राम हे मोठे पैलवान. १९७० च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं, १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुरुषांच्या कुस्तीत जे मिळवायचं ते सगळं मिळवलं. आणि मग १९९७ च्या सुमारास त्यांनी आपल्या आखाड्यात मुलींना घ्यायला सुरुवात केली, त्यात त्यांच्या स्वतःच्या लेकी होत्या. लोकांनी मोठा विरोध केला. पण त्यांची मुलगी सोनिका पुढे भारत केसरी किताब मिळवणारी पहिली बाई ठरली.

चंदगी राम यांचे एक शिष्य होते, महावीर फोगाट. वस्तादाचं ऐकून त्यांनीही गावात आपल्या मुलींना मातीत उतरवलं. गीता फोगाटने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं. महिला कुस्तीत भारताला मिळालेलं ते पहिलं राष्ट्रकुल सुवर्ण. २०१२ मध्ये ती ऑलिंपिकला गेली, तिथे पोचलेली भारताची पहिली महिला पैलवान तीच. त्यांच्यावरचा 'दंगल' सिनेमा तुम्ही पाहिला असेल. आता गंमत बघा. आधी लोक म्हणायचे, "ही महावीर पैलवानाची पोर." आता देशभर लोक म्हणतात, "हे गीताचे वडील."

आणि आपल्याकडे? पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ ला सुरू झाली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ साल उजाडलं. मार्च महिन्यात सांगलीला ती स्पर्धा झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडी हिने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून पहिला मान मिळवला. मधे ६२ वर्षं गेली. ज्या कल्याणमध्ये हमीदा बानूने दूध विकलं, त्याच कल्याणची मुलगी त्या अंतिम कुस्तीत उभी होती.

आता आमच्या गटाचं सांगतो.

आमच्या गटाच्या पहिल्या अध्यक्षताईंना सगळे 'मोठ्या बाई' म्हणतात. त्यांना सही येत नव्हती, अंगठा द्यायच्या. पण पाड्यापाड्यावर पायी फिरून त्यांनी बायका जमवल्या. कोणी किती हप्ता भरला, कोणाचं किती कर्ज बाकी, सगळं तोंडपाठ. कोणाच्या घरी अडचण असली तर हळूच बाजूला घेऊन विचारायच्या, चारचौघांत बोलायच्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले आणि त्यांच्या मुलीला आम्ही सचिव केलं. ती गावातच दिलेली आहे, बारावी शिकलेली आहे.

मुलीने काम हातात घेतलं आणि वह्या नीट केल्या. दर बैठकीला ती प्रत्येकीची बाकी मोठ्याने वाचून दाखवू लागली. पहिल्याच महिन्यात कुरकुर सुरू झाली. "तुझ्या आईने असं कधी केलं नाही." "बाईंची पोर शोभत नाहीस तू." हे बोलणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आज कबूल करतो. कारण आमच्यापैकी दोघींचे हप्ते थकले होते आणि ते सगळ्यांसमोर वाचले गेले होते. वही बरोबर नेमली होती. झोंबलं ते आम्हाला.

सहा महिने तिने ऐकून घेतलं. मग एका बैठकीत वही, शिक्का, पासबुक सतरंजीवर ठेवलं आणि म्हणाली, "तुम्हाला माझी आई पाहिजे. मी ती नाही." आणि उठून गेली.

त्यानंतर दोन महिने बैठक धड झाली नाही. कोणी पैसे भरले, कोणी नाही. कर्जाचा प्रस्ताव ग्रामसंघाकडे द्यायचा होता, तो राहिला. एका ताईला बियाण्यासाठी पैसे पाहिजे होते, तिने शेवटी सावकाराकडून घेतले. एका मुलीला आईच्या मापाने मोजण्याची ही किंमत आम्ही मोजली. खरं तर आम्ही नाही, त्या ताईने मोजली.

शेवटी आम्ही मोठ्या बाईंकडे गेलो. वाटलं होतं, त्या मुलीला समजावतील. त्या आम्हालाच म्हणाल्या, "मी डोक्यात ठेवायचे, कारण मला लिहिता येत नव्हतं. ते काही मोठेपण नव्हतं, ती माझी अडचण होती. माझं डोकं माझ्यासंगे जाईल. तिची वही तुमच्यापाशी राहील."

आम्ही गप्प झालो. जी गोष्ट आम्ही आईचा गुण म्हणून मुलीच्या तोंडावर फेकत होतो, ती आईच्या मनात उणीव होती.

मग मुलीच्या घरी गेलो. माफी मागितली. तिनेही एक गोष्ट मान्य केली. बाकी सगळ्यांसमोर वाचायची, तर ती गटाची एकूण वाचायची. ज्या बाईचा हप्ता थकला तिला बैठकीनंतर वही दाखवायची, कारण विचारायचं. म्हणजे आईची माया राहिली आणि मुलीची वहीही राहिली. हा ठराव लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. मोठ्या बाईंनीही केली. अंगठा नाही, सही. मुलीनेच शिकवली होती.

आणखी एक गोष्ट आम्ही ठरवली. जुनं हजेरी पुस्तक काढलं तर त्यात तिचं नाव कुठेच नव्हतं, सगळीकडे 'मोठ्या बाईंची मुलगी' असंच लिहिलेलं. इतरही बऱ्याच जणी अशाच होत्या, कोणी 'पाटलांची सून', कोणी 'मास्तरांची बायको'. आता प्रत्येकीचं स्वतःचं नाव आधी लिहितो.

मैत्रिणींनो, आपला नंदुरबार जिल्हाही १ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. अजून बाहेरगावी कोणी विचारलं तर काही जण सांगतात, "धुळ्याकडचे." आपल्याला ते खटकतं ना? मग घरातल्या लेकीला-सुनेलाही खटकत असेल.

आईबापाचं नाव मोठं असणं वाईट नाही. त्या नावाने दार उघडतं. पण आत गेल्यावर जोर-बैठका ज्याच्या त्यालाच काढाव्या लागतात, आणि बघणाऱ्यांनी त्या त्याच्याच नावावर मांडाव्यात.

आमचं एक मागणं आहे. तुमच्या गटात जुन्या अध्यक्षांची मुलगी असेल, सून असेल, नवीन काम बघत असेल, तर पुढच्या बैठकीत "तुझी आई असं करायची" हे वाक्य एकदा तोंडातच ठेवा. तिला विचारा, "तू कसं करणार?" आणि ती काय सांगते ते ऐका.

येतो आम्ही. हप्ते वेळेवर भरा, आणि वहीत स्वतःचं नाव स्वतः लिहा.