ज्येष्ठ नागरिक संघ आणि उतारवयातील आरोग्य: संघाचा उपयोग कुठे होतो, कुठे होत नाही

साठीनंतर औषधांची यादी वाढते, तशा आयुष्यातल्या काही गोष्टी कमीही होत जातात. नोकरी संपते, मुले दुसऱ्या शहरात किंवा परदेशात जातात, जोडीदार जातो, जुने शेजारी घरे बदलतात. रक्तदाब आणि साखर यांच्या नोंदी आपण ठेवतो, पण दिवसभरात किती माणसांशी बोललो याची नोंद कोणी ठेवत नाही. वैद्यकीयदृष्ट्या ही नोंदही महत्त्वाची आहे. स्मृतिभ्रंशाबाबत २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालात टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ धोक्याचे घटक दिले आहेत. त्यात मधुमेह आणि उच्च रक्तदाबाबरोबर ऐकू कमी येणे, नैराश्य, व्यायामाचा अभाव आणि सामाजिक एकटेपणा यांचाही समावेश आहे.

महाराष्ट्रात या गरजेवर एक जुना, परवडणारा आणि बहुतेक गावा-शहरांत सापडणारा उपाय आहे, तो म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघ. अशा संघांचा राज्यस्तरीय महासंघ, म्हणजे फेस्कॉम, १९८० पासून काम करतो आहे. वर्षाची थोडी वर्गणी भरून सभासद व्हायचे, असे या संघांचे साधे स्वरूप असते. या लेखात संघाचा आरोग्याला नेमका काय उपयोग होतो, त्याच्या मर्यादा काय आहेत आणि घरातले ज्येष्ठ संघात जायचे बंद झाले तर काय पाहावे, हे समजून घेऊ.

संघामुळे शरीरात आणि मनात काय बदलते?

१. दिवसाला वेळापत्रक मिळते. निवृत्तीनंतर झोप बिघडल्याची तक्रार फार सामान्य आहे. उशिरा उठणे, दुपारी दोन तास झोपणे, संध्याकाळी टीव्ही आणि मग रात्री झोप नाही, असे चक्र सुरू होते. झोपेची गोळी मागण्याआधी हे चक्र मोडावे लागते. सकाळी सातला बागेत किंवा संध्याकाळी पाचला विरंगुळा केंद्रात कोणीतरी आपली वाट पाहत असेल, तर उठणे, आंघोळ, जेवण आणि औषधे यांच्या वेळा आपोआप ठरतात.

२. चालणे आणि तोल सुधारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. त्याशिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही करावेत. घरी एकट्याने हे फार कमी जण करतात, गटात मात्र सातत्य टिकते. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, खुर्चीला धरून टाचा उचलणे, एका पायावर काही सेकंद उभे राहणे हे व्यायाम संघात सहज घेता येतात. पडून खुब्याचे हाड मोडणे हा या वयातला मोठा धोका आहे आणि तो कमी करण्यासाठी हे व्यायाम औषधाइतकेच मोलाचे आहेत.

३. हसणे, गाणे, बोलणे. हास्यक्लबाची चळवळ १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत सुरू केली. हसण्याच्या व्यायामाने मन मोकळे होते आणि श्वासाचा व्यायामही होतो. मात्र हर्निया असेल, डोळ्यांचे किंवा पोटाचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल किंवा हृदयविकाराचा त्रास अलीकडेच झाला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. जोरात हसताना लघवी सुटते म्हणून अनेक स्त्रिया गुपचूप येणे बंद करतात. या त्रासावर ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि उपचार आहेत, तेव्हा संकोच न करता सांगा.

४. कोणीतरी गैरहजेरी लक्षात घेते. माझ्या मते संघाचा हा सर्वांत मोठा वैद्यकीय उपयोग आहे. एकट्या राहणाऱ्या व्यक्तीला पक्षाघात झाला किंवा ती न्हाणीघरात पडली, तर मदत किती लवकर पोहोचते यावर बरेच काही अवलंबून असते. "जोशीकाका दोन दिवस दिसले नाहीत" असे म्हणून फोन करणारा माणूस त्या वेळी जीव वाचवू शकतो.

आयुष्यातले कठीण टप्पे आणि संघाची भूमिका

निवृत्ती. विशेषतः पुरुषांची ओळख हुद्द्याशी जोडलेली असते. हिशेब ठेवणे, सहलीचे नियोजन, बँकेची कामे इतरांना समजावणे अशी जबाबदारी संघात मिळाली, तर उपयोगी असल्याची भावना परत येते. नवीन सभासदाला पहिल्या महिन्यातच एखादे काम द्यावे, असे मी संघाच्या पदाधिकाऱ्यांना नेहमी सुचवतो.

जोडीदाराचा मृत्यू. तेराव्यापर्यंत घरात माणसे असतात, त्यानंतर घर रिकामे होते. खरा धोका तेव्हा सुरू होतो. जेवणाची, औषधांची घडी अनेकदा जोडीदारानेच बसवलेली असते. पत्नी गेल्यावर कोणती गोळी कधी घ्यायची हेच माहीत नसलेले आजोबा आणि पती गेल्यावर एकटीसाठी स्वयंपाक करावासा न वाटणाऱ्या आजी, दोन्ही चित्रे नेहमीची आहेत. या काळात संघातल्या एक-दोघांनी आठवड्यातून एकदा घरी जावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात: जेवण होते का, औषधे घेतली जातात का, झोप लागते का. ज्यांनी स्वतः हे दुःख सोसले आहे अशी व्यक्ती गेली तर बोलणे सोपे होते. रडू येणे स्वाभाविक आहे. मात्र सहा महिन्यांनंतरही दुःख तितकेच तीव्र असेल आणि रोजचे व्यवहार ठप्प असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मरणाचे विचार बोलून दाखवले, तर एक दिवसही थांबू नये.

मुलांकडे राहायला जाणे. सातारा किंवा अकोल्याहून पुण्या-मुंबईत मुलाकडे आलेल्या ज्येष्ठांना भाषा समजते, पण ओळखीचे कोणी नसते. बंगळूर किंवा परदेशात गेलेल्यांना भाषेचीही अडचण येते. नवीन ठिकाणी पहिल्या महिन्यातच जवळचा संघ, भजनी मंडळ, वाचनालय किंवा मराठी मंडळ शोधून द्या. सुरुवातीचे दोन-तीन दिवस घरातल्या कोणीतरी सोबत जावे.

दीर्घ आजार. पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश, कर्करोग अशा आजारांसाठी वेगळे स्वमदत गट असतात. पुण्यातले पार्किन्सन्स मित्रमंडळ हे त्याचे परिचित उदाहरण आहे. हात थरथरतो म्हणून चारचौघांत चहा न पिणारी व्यक्ती तिथे निःसंकोचपणे पिते. काळजी घेणाऱ्या जोडीदारालाही बोलायला जागा मिळते.

ज्येष्ठांनी संघात जाणे बंद केले तर

"आता कंटाळा येतो", "तिथे नुसत्या गप्पा असतात", असे सांगून नियमित जाणारी व्यक्ती घरी बसू लागली, तर कुटुंबाने हे लक्षण समजावे. वय झाले म्हणून सोडून देऊ नये. मागे पुढीलपैकी एखादे कारण असू शकते आणि बहुतेकांवर उपाय आहेत:

- ऐकू कमी येणे: गटात चारजण बोलतात तेव्हा शब्द कळत नाहीत, चुकीचे उत्तर दिले की लोक हसतात, म्हणून माणूस टाळतो. आधी कानातला मळ तपासा, मग श्रवणचाचणी करा.
- वारंवार लघवी: प्रोस्टेट, मधुमेह, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी हे कारण असू शकते. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बदलू नका.
- दिसण्यात फरक: मोतीबिंदूमुळे संध्याकाळी परत येताना भीती वाटते.
- पडण्याची भीती: एकदा पडल्यावर माणूस बाहेर जाणे सोडतो. हालचाल कमी झाल्याने पाय आणखी कमजोर होतात आणि धोका वाढतो. उठल्यावर चक्कर येत असेल, तर बसून आणि उभे राहून रक्तदाब मोजून घ्या.
- दातांची कवळी: ती नीट बसत नसेल तर बोलताना, खाताना लाज वाटते.
- स्मृतिभ्रंशाची सुरुवात: पत्त्यांचा डाव समजेनासा होतो, नेहमीचा रस्ता चुकतो, नावे आठवत नाहीत.
- नैराश्य: या वयात उदासी बोलून दाखवली जात नाही. भूक न लागणे, पहाटे लवकर जाग येणे, अंगदुखी, बद्धकोष्ठता, विसराळूपणा या रूपात ती दिसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे असेल तर तपासणी करा. थायरॉइड, ब जीवनसत्त्व १२, हिमोग्लोबिन, सोडियम यांतील बिघाड आणि काही औषधेही अशीच लक्षणे निर्माण करतात.
- पैसे किंवा घरातला त्रास: वर्गणीला पैसे न मिळणे, बाहेर जाऊ न देणे, अंगावरचे व्रण झाकण्यासाठी न जाणे, याही शक्यता असतात. हा प्रश्न एकांतात विचारावा.

संघ उपचाराची जागा घेऊ शकत नाही

संघात आरोग्यविषयक चर्चा भरपूर होते. त्यातली काही उपयोगी असते, काही घातक ठरते.

- गोळ्यांची देवाणघेवाण करू नका. "मला या गोळीने गुडघ्याला आराम पडला" म्हणून दुसऱ्याची वेदनाशामक गोळी घेतल्याने मूत्रपिंड बिघडणे, जठरातून रक्तस्राव होणे असे प्रकार होतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर धोका आणखी मोठा असतो.
- शिबिरातली एक नोंद म्हणजे निदान नव्हे. एकदा वाढलेला रक्तदाब किंवा चहा-बिस्किटानंतर मोजलेली साखर पाहून औषध सुरू किंवा बंद करू नका. नोंद लिहून घ्या आणि डॉक्टरांकडे पुन्हा तपासा. टाचेवर यंत्र लावून केलेली हाडांची तपासणी ही फक्त चाळणी असते, निश्चित निदानासाठी डेक्सा तपासणी लागते.
- व्याख्यानानंतरची विक्री सावधपणे पाहा. चुंबकीय गाद्या, चमत्कारी पाणी, सांधेदुखीची महागडी पावडर हे सारे अनेकदा ओळखीच्या माणसाकडून विकले जाते, म्हणून नाही म्हणणे जड जाते. "डॉक्टरांना विचारून सांगतो" हे वाक्य अशा वेळी उपयोगी पडते.

अंथरुणाला खिळलेले, वरच्या मजल्यावर अडकलेले किंवा नातवंडे सांभाळणाऱ्या आजी यांच्यापर्यंत संघ सहसा पोहोचत नाही. त्यांच्यासाठी घरभेट, ठरलेल्या वेळेचा फोन किंवा वेगळी वेळ अशी सोय केली, तर सर्वांत गरजू व्यक्तीपर्यंत मदत जाते.

हक्क आणि योजनांची माहिती

संघात कागदपत्रांची माहिती असलेला एखादा सभासद असतोच. त्याच्याकडून पुढील बाबी समजून घ्या:

- ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यावर संलग्न रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. दवाखान्यातली नेहमीची तपासणी आणि औषधे यात येत नाहीत.
- निवृत्तिवेतनधारकांना साधारणपणे नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो घरूनही डिजिटल पद्धतीने देता येतो.
- २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्यानुसार सांभाळ न करणाऱ्या मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरणाकडे करायचा असतो.
- ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६, ऑनलाइन फसवणुकीची तक्रार १९३०.

संघ निवडताना काय पाहावे?

१. जागा तळमजल्यावर आहे का? स्वच्छतागृह जवळ आणि वापरण्याजोगे आहे का?
२. वर्गणीची पावती मिळते का? वार्षिक सभेत हिशेब मांडले जातात का?
३. स्त्रियांचा सहभाग किती आहे? बोलण्याची संधी मोजक्याच लोकांना मिळते का?
४. प्रत्येक सभासदाचा आपत्कालीन संपर्क, रक्तगट आणि चालू औषधे यांची नोंद ठेवली जाते का?
५. गैरहजर सभासदाला फोन करण्याची पद्धत आहे का?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर "हो" असेल, तर बाकी उणिवा थोड्या चालतील.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आईला गर्दी आवडत नाही. तिला संघात पाठवावे का?
जबरदस्ती करू नका. काहींना दोन मैत्रिणी पुरतात. ती स्वतःच्या स्वभावाने शांत आहे की आधी मिसळणारी होती आणि आता बदलली आहे, हे पाहा. बदल झाला असेल तर तपासणी करा.

वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांनी जाणे थांबवावे का?
सुरुवातीच्या टप्प्यात थांबवू नका. सोबत कोणीतरी असावे, खिशात नाव आणि फोन क्रमांकाची चिठ्ठी असावी आणि संघातल्या दोन-तीन जणांना आजाराची कल्पना द्यावी.

आम्ही परदेशात राहतो. काय करू शकतो?
संघाच्या पदाधिकाऱ्यांचा आणि एका शेजाऱ्याचा फोन क्रमांक जवळ ठेवा. पुढच्या भारतभेटीत त्यांना प्रत्यक्ष भेटा. अडचणीच्या वेळी पहिला फोन कोणाला करायचा, हे आधीच ठरलेले असावे.

डॉक्टरांकडे जाताना हे सांगा

पुढच्या तपासणीला औषधांच्या पिशवीबरोबर आणखी एक माहिती न्या: गेल्या आठवड्यात घराबाहेर किती वेळा पडलात आणि घरच्यांखेरीज कोणाशी बोललात. उत्तर "कोणाशीच नाही" असेल, तर ते लपवू नका. छातीत दुखते हे जसे सांगता, तसेच हेही सांगा. उपचाराची दिशा त्यावरून बदलू शकते.